भंडारदऱ्याचे पाणी आणि पाहुणे

प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते, काही किलोमीटर पूर्वेकडे येते आणि भंडारदऱ्याच्या दगडी भिंतीला अडते. ती भिंत आणि तिच्यामागे पश्चिमेला पसरलेला जलाशय अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात येतो. उत्तरेला कळसूबाईची रांग, पश्चिमेला कोकणात तुटलेला घाटघरचा कडा आणि नैर्ऋत्येला रतनगड अशा तीन बाजूंच्या डोंगरांनी हे खोरे वेढले आहे. मुंबई, ठाणे, नाशिक आणि पुणे या शहरांतून सुट्टीला बाहेर पडणाऱ्यांसाठी धबधबे, तलावकाठचे तंबू, किल्ले, काजवे आणि राज्यातले सर्वांत उंच शिखर एवढे सगळे एकाच फेरीत सापडण्यासारखी दुसरी जागा सह्याद्रीत क्वचितच असेल. मात्र येथील दृश्ये बरीचशी मानवनिर्मित आहेत. कोणत्या महिन्यात तलाव काठोकाठ दिसेल, धबधबा कोणत्या दिवशी वाहील आणि काठावरचा तंबू पाण्याजवळ असेल की चिखलापलीकडे, हे पावसाइतकेच पाटबंधाऱ्याच्या आवर्तनांवरही ठरते.

हे समजण्यासाठी पावसाचा हिशेब पाहावा लागतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग कोकण ओलांडून घाटघरच्या कड्यावर आदळतात. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस होणे ही नवलाची गोष्ट नाही. पण डोंगराची धार ओलांडून पूर्वेला निघाले की पाऊस झपाट्याने कमी होतो. त्याच प्रवरेच्या काठावरील राहाता, श्रीरामपूर, नेवासे या तालुक्यांत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एक दशांश, पाऊस पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळला होता. पाऊस पडतो तेथेच पाणी साठवायचे आणि लागते तेथे कालव्याने न्यायचे, ही धरणामागची सरळ कल्पना त्या अनुभवातून आली.

धरणाचे बांधकाम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये संपले. त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि भिंतीला त्यांचेच नाव मिळाले. जलाशयाला आर्थर हिल लेक म्हणत. ही भिंत सुमारे ८२ मीटर उंच आणि ५०७ मीटर लांब असून दगडी आहे. बांधली गेली तेव्हा भारतातील सर्वांत उंच धरणांत तिची गणना होत होती. जलाशयाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे बोलीभाषेत अकरा टीएमसी. या पाण्यामागचे पाणलोट क्षेत्र जेमतेम १२० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा डोंगरी तुकड्यावर दर पावसाळ्यात इतके पाणी गोळा होते, यातच येथील पावसाचे माप आले.

भिंतीला एक आजारपणही येऊन गेले आहे. १९६९ मध्ये तिला तडे गेल्याचे लक्षात आले आणि साठा खाली आणावा लागला. नंतर ताणलेल्या पोलादी तारा आणि मागच्या बाजूने उभारलेल्या आधारभिंती यांनी तिला बळकटी देण्यात आली. धरणाच्या खालच्या अंगाला उभे राहिले की मूळ दगडी बांधकामाला टेकलेले हे धिरे स्पष्ट दिसतात. बहुतेक पर्यटक ते मूळ रचनेचाच भाग समजतात.

भिंतीच्या पायथ्याशी असलेला अंब्रेला फॉल छायाचित्रांतून सर्वांत परिचित झाला आहे. धरणाच्या मोरीतून सोडलेले पाणी एका गोलसर खडकावरून चौफेर पसरत खाली उतरते आणि उघडलेल्या छत्रीसारखा आकार तयार होतो. तो नैसर्गिक धबधबा नाही. मोरी बंद असली की खडक कोरडा असतो. त्यामुळे पावसाळ्यातील एखाद्या रविवारी शेकडो किलोमीटर येऊनही छत्री मिटलेली पाहून परतण्याची वेळ अनेकांवर येते. धरणाच्या आवारातील बागेतून हा भाग दिसतो, परंतु साठा आणि विसर्ग यांनुसार प्रवेश कधी खुला तर कधी बंद असतो.

रंधा धबधब्याची गोष्ट वेगळी आहे. धरणापासून नऊ-दहा किलोमीटर खाली प्रवरा एका अरुंद घळीत सुमारे पन्नास मीटर कोसळते. येथे कातळाचे थर एकावर एक आडवे रचलेले दिसतात. सहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी लाव्हाचे जे लोट पुन्हापुन्हा वाहत आले त्यांचे हे थर. कठीण आणि ठिसूळ थर एकाआड एक असल्याने नदी पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. काठावर घोरपडा देवीचे मंदिर आहे. धबधबा नैसर्गिक असला तरी पाण्यावर वीजनिर्मितीचा हक्क पहिला आहे. धरणाच्या पायथ्याचे १२ मेगावॉटचे वीजगृह आधी पाणी वापरते आणि मग तेच पाणी रंध्याच्या वरून वळवून खाली कोदणीच्या ३४ मेगावॉटच्या वीजगृहाकडे नेले जाते. म्हणून हिवाळ्यात रंधा बारीक होतो आणि ऑगस्टात, धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटू लागले की, त्याचा आवाज दूरवर ऐकू येतो. कठडे आहेत. तरी ओल्या कातळावर उतरून फोटो काढण्याचा मोह पावसाळ्यात जीव घेतो, आणि तो दरवर्षी कोणाला ना कोणाला होतोच.

पुढे नदी निळवंडे धरणात शिरते. १९७० मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झाले. ज्या शेतकऱ्याने मंजुरीची बातमी वाचली त्याच्या नातवाने पाणी पाहिले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. भंडारदऱ्याचे पाणी मात्र कितीतरी आधीपासून संगमनेरच्या पुढील मळ्यांना मिळत आले आहे. या पाटपाण्यावर उसाचा पट्टा उभा राहिला आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना निघाला. पुढे नेवाशाला, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, नदी शांत पात्राने वाहते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते.

तलावाचे वर्षही खालच्या शेतीच्या मागणीप्रमाणेच घडते. जूनच्या मध्यापासून पाणी चढू लागते. १५ ऑगस्टच्या सुमारास धरण भरावे अशी खोऱ्यात जवळजवळ परंपराच मानली जाते आणि भरले नाही तर खालच्या तालुक्यांतील वर्तमानपत्रांत त्याची बातमी होते. ऑक्टोबर ते डिसेंबर काठोकाठ पाणी, स्वच्छ हवा आणि कापणीला आलेली भातखाचरे असे दृश्य असते. पुढे रब्बीची आणि नंतर उन्हाळी आवर्तने सुटतात, पातळी उतरत जाते आणि एप्रिल-मेमध्ये काठ मैलभर मागे सरकल्यासारखा दिसतो. उघड्या पडलेल्या तळाच्या मातीला भेगा जातात. जाहिरातीतील निळ्या तलावाचे छायाचित्र बहुधा ऑक्टोबरचे असते आणि तंबूचे आरक्षण बहुधा मे महिन्याच्या सुट्टीतले, हा घोटाळा दरवर्षी होतो.

तलावाभोवतीच्या रस्त्याला सगळे रिंग रोड म्हणतात. शेंडी हे धरणालगतचे गाव. दुकाने, हॉटेले, एसटीचा थांबा आणि मुक्कामाच्या बऱ्याच सोयी तेथेच. शेंडीहून उत्तर काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे ही गावे लागतात आणि रस्ता घाटघरला पोहोचतो. तेथून साम्रद, मग रतनवाडी आणि दक्षिण काठाने मुतखेलवरून पुन्हा शेंडी. चाळीस-पन्नास किलोमीटरची ही प्रदक्षिणा मोटारीने तीन तासांत उरकता येते, पण तसे करणे म्हणजे काही न पाहता परतणे होय. सायकलवर किंवा एका ठिकाणी मुक्काम करून दोन दिवसांत फिरणे अधिक शहाणपणाचे. पावसाळ्यात रस्त्यालगत जागोजाग धबधबे सुटतात. कोलटेंभ्याजवळचा त्यांतला नावाजलेला. रस्ता होण्यापूर्वी रतनवाडीला जाणारी मंडळी शेंडीहून लाँचने तलाव ओलांडत.

रतनवाडीत अमृतेश्वराचे शिवमंदिर आहे. भूमिज पद्धतीचे शिखर, त्यावर लहान शिखरांच्या उभ्या माळा आणि आतल्या खांबांवर सूक्ष्म कोरीव काम असे हे मंदिर मध्ययुगीन मराठी मुलखातल्या उत्तम वास्तूंपैकी एक आहे. गावात शिरतानाच लागणारी पुष्करणी मंदिराइतकीच पाहण्यासारखी. तिच्या भिंतींत देवकोष्ठे असून त्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. स्थानिक कथा समुद्रमंथनाशी जोडलेली आहे. राहूचे मस्तक तुटले तेव्हा त्याच्या कंठातील अमृत येथे सांडले आणि त्यातून नदी निघाली, म्हणून प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात.

मंदिराच्या मागून रतनगडाची वाट सुरू होते. प्रवरेचा ओढा तीन-चार वेळा ओलांडून ती दाट रानात शिरते आणि शेवटी लोखंडी शिड्यांनी गणेश दरवाजापर्यंत जाते. गडावर गुहा, पाण्याची टाकी, राणीचा हुडा नावाचा बुरूज आणि डोंगराच्या माथ्याला आरपार पडलेले नेढे आहे. नेढ्यात बसले की वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघतो आणि उत्तरेला अलंग, मदन, कुलंग हे तीन बेलाग किल्ले ओळीत दिसतात. गडाला खेटून उभा असलेला खुट्टा सुळका साम्रदच्या बाजूने अधिक उठून दिसतो. सप्टेंबरात माथा सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरतो. चढाईला तीन तास धरावेत. पावसाळ्याच्या ऐन भरात ओढे फुगले की ही वाट बंद समजावी.

साम्रदची सांदण दरी ही चढण नसून उतरण आहे. गावाजवळच जमिनीला उभी भेग पडली असून ती कोकणाच्या दिशेने खोल होत जाते. दोन्ही बाजूंच्या भिंती दोन-तीनशे फूट उंच, काही ठिकाणी रुंदी केवळ चार-पाच माणसे मावतील एवढी आणि तळाला मोठमोठ्या धोंड्यांचा खच. सुरुवातीलाच दोन डोह लागतात. पावसाळा संपून बराच काळ त्यांत कमरेएवढे पाणी असते, उन्हाळ्यात ते ओसरते. हौशी पर्यटक तेथून थोडे आत जाऊन परततात, तर दोर आणि अनुभवी वाटाडे असलेले गट शेवटपर्यंत उतरून खाली डेहणे गावाच्या बाजूला निघतात. पावसात दरी वन विभाग बंद ठेवतो आणि ते योग्यच आहे, कारण वरच्या पठारावर पडलेल्या सरीचे पाणी या चिंचोळ्या नळीत काही मिनिटांत येऊन थडकते आणि वर चढायला जागा नसते.

घाटघरला सह्याद्री संपतो. कोकणकडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोकाशी उभे राहिले की खाली शहापूर तालुक्यातील जंगल दिसते. येथे पावसाचे दोन थेंब शेजारी पडले तर एक अरबी समुद्राला आणि दुसरा प्रवरा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाऊ शकतो. या उंचीच्या फरकाचा उपयोग २५० मेगावॉटच्या घाटघर उदंचन प्रकल्पात केला आहे. वरच्या तलावातले पाणी विजेची मागणी असताना खाली चोंढे येथील जलाशयात सोडून जनित्रे फिरवायची आणि मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवायचे, अशी ही योजना. जपानच्या कर्जसाहाय्याने झालेल्या या प्रकल्पातील धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची असून भारतातील त्या पद्धतीचा हा पहिला मोठा प्रयोग होता. वीजगृह डोंगराच्या पोटात असल्याने प्रवाशाला दिसतो तो फक्त वरचा तलाव.

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर एवढ्या एका ओळखीवर तेथे होणारी गर्दी प्रचंड आहे. नेहमीची वाट बारी गावातून निघते. आधी भातखाचरे, मग पाऊलवाट आणि अवघड कातळटप्प्यांवर बसवलेल्या लोखंडी शिड्या असा चढ तीन ते चार तासांचा आहे. शेंदूर फासलेल्या देवीचे छोटे देऊळ माथ्यावर असून नवरात्रात तेथे यात्रा भरते. देवीची कथा साधी आहे आणि एखाद्या पराक्रमी देवतेच्या कथेपेक्षा लक्षात राहणारी. कळसू नावाची कोळ्यांची मुलगी इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एके दिवशी तिला तीच कामे सांगितली गेली. तिने ती केली, आणि लगेच डोंगर चढून गेली, परतली नाही. भांडी घासली ती जागा थाळे मेळ म्हणून ओळखली जाते.

माथ्यावरून स्वच्छ दिवशी उत्तरेला त्र्यंबकच्या रांगेपर्यंत आणि दक्षिणेला हरिश्चंद्रगडापर्यंत नजर जाते. शनिवारी रात्री चढून रविवारचा सूर्योदय पाहण्याची पद्धत इतकी रूढ झाली आहे की शिड्यांवर रांग लागते आणि माथ्यावर उभे राहायलाही जागा उरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरातील कामाचा एखादा वार निवडला तर हाच डोंगर निराळा वाटतो.

कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंतचा बराचसा मुलूख १९८६ पासून अभयारण्य आहे. शेकरू, भेकर, रानडुक्कर आणि बिबट्या हे येथील प्राणी. मात्र जास्तीत जास्त माणसे ज्याच्यासाठी येतात तो प्राणी किडा आहे. मेच्या अखेरीपासून जोराच्या पावसापर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजव्यांचे थवे बसतात. ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन निघणारा हा प्रकाश जवळजवळ उष्णतारहित असतो आणि तो मादीला बोलावण्यासाठीचा संकेत आहे. येथील काजवे एका लयीत उघडझाप करतात, त्यामुळे एखादे अख्खे झाड एकदम पेटते आणि विझते. आयुष्याचा मोठा भाग काजवा अळीच्या रूपात पालापाचोळ्यात, गोगलगायी खाऊन काढतो. पंख फुटल्यावर मिळतात ते थोडे दिवस.

नेमक्या याच थोड्या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात. हेडलाइट, टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश यांनी संकेत विस्कळीत होतो. झाडाखाली शिरणारी पावले जमिनीवरच्या माद्या तुडवतात. वन विभागाने प्रवेशशुल्क, ठरावीक वेळ आणि स्थानिक वाटाड्यांची सोय केली. नियम कागदावर चांगले आहेत. शनिवारच्या रात्री रिंग रोडवर त्यांची अंमलबजावणी करण्याएवढे मनुष्यबळ कोणत्याच खात्याकडे नाही.

या खोऱ्यात राहणारे बहुसंख्य लोक महादेव कोळी आणि ठाकर समाजांचे आहेत. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. त्यांना १८४८ मध्ये ठाण्यात फाशी देण्यात आले आणि आता शासनाने जलाशयाला त्यांचे नाव दिले आहे. धरणाने नदीकाठची सपाट भातजमीन पाण्याखाली नेली. उरलेली गावे पाण्याच्या वरच्या बाजूला असल्याने कालव्याचा लाभ त्यांना मिळणे शक्यच नव्हते. पावसाळ्यात आवणी करायची, नागली-वरई उतारावर घ्यायची, बाळहिरडा गोळा करून विकायचा आणि पाऊस गेला की मजुरीला खाली बागायतीत जायचे, असा क्रम पिढ्यानपिढ्या चालला. उन्हाळ्यात अकरा टीएमसीच्या शेजारी हंडा घेऊन विहिरीवर थांबलेली बाई, हे येथील जुनेच चित्र आहे.

तंबूचा व्यवसाय या क्रमात गेल्या दशकभरात शिरला. काठालगतची शेते कापणीनंतर मोकळी असतात. तेथे घुमटाकार तंबू, शेकोटी, चहा-पोहे आणि रात्री जेवण असा साधा सौदा मुरशेत, पांजरे परिसरात वाढत गेला. घरच्या हातसडीचा तांदूळ, नागलीची भाकरी आणि तलावातली मासळी वाढणाऱ्या स्थानिक घरांना त्यातून उत्पन्न मिळते. बाहेरच्या दलालांमार्फत आलेल्या आरक्षणात त्यांच्या हाती मजुरीएवढेच पडते. म्हणून थेट गावातल्या घराशी बोलून मुक्काम ठरवणे पाहुण्याच्याही फायद्याचे असते, जेवण ताजे मिळते आणि पाणी सध्या कुठपर्यंत आहे हेही खरे कळते. रात्रीच्या ध्वनिवर्धकांचा त्रास मात्र दोन्ही प्रकारच्या छावण्यांत सारखाच. काठावर पोहणे धोक्याचे आहे, कारण बुडालेल्या खाचरांच्या बांधांपलीकडे खोली एकदम वाढते.

तालुक्याची आणखी एक ओळख राजूरला दिसते. येथे डांगी गुरांचे प्रदर्शन भरते. डांगी जनावराच्या कातडीतून तेलकट स्राव येत असल्याने मुसळधार पावसातही ते तग धरते आणि त्याचे खूर कातळावर झिजत नाहीत. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. काळभातासारख्या जुन्या वाणांचा तांदूळ परतीच्या वाटेवर घेण्याजोगा आहे.

मुंबईहून भंडारदरा सुमारे १८५ किलोमीटर, नाशिकहून ७० आणि पुण्याहून १७० किलोमीटरच्या आसपास. मुंबईकडून येणाऱ्यांनी इगतपुरीपर्यंत रेल्वेने यावे, पुढे घोटीवरून बारीमार्गे शेंडीला रस्ता आहे. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने यावे लागते. धबधब्यांसाठी जुलै-ऑगस्ट, फुलांसाठी सप्टेंबर, तलाव आणि किल्ल्यांसाठी ऑक्टोबर ते जानेवारी, सांदणसाठी फेब्रुवारी ते मे आणि काजव्यांसाठी जूनचा पहिला आठवडा. मार्च-एप्रिलात केवळ तलावासाठी येऊ नये. त्या दिवसांत त्याचे पाणी श्रीरामपूरच्या उसात असते.